आधी आवाज

शिरोलीच्या फाउंड्रीत पोचलो तेव्हा
पद्मलताई मगदूम एका कानात बोट घालून
दुसऱ्या कानातल्या राजकोटला विचारत होत्या :
साठ का सात? ओ शेठ, साठ का सात?

मागच्या महिन्यात साठाचे सात झाले.
पंपाच्या सात बॉड्या गेल्या ट्रकातून,
त्रेपन्न शिव्या परत आल्या.
त्या सगळ्या पद्मलताईंच्या नावावर जमा.

मी लाइन तपासली.
खाली यायची वाट मोकळी,
वर जायची पार तुंबलेली.
कोण पाठवतंय एवढं?
सोळा कॅमेरे.
भट्टी, गेट, कँटीन, हजेरीचं मशीन,
आणि एक पद्मलताईंच्या बरोबर डोक्यामागं.
मालक रुईकर कॉलनीत पोहे खाता खाता
सगळं मोबाइलवर बघतात.

ताई म्हणाल्या, मला कळंल असं सांग.
सांगितलं :
गळीत चालू आहे, रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर,
आणि त्यांच्या मागं अडकलाय तुमचा गवळी, सायकलवर.
सेकंदाला पन्नास फेऱ्या आहेत त्याच्या,
प्रत्येक फेरीला वाटीभर दूध.
ऊस उशिरा पोचला तर उतारा जरा पडेल, पण ऊसच राहील.
दूध उशिरा पोचलं की नासलं.
"मग गवळ्याला पुढं काढा की."
तेच करायला आलोय.

डबा काढला, जेवणाच्या डब्याच्या झाकणाएवढा.
मोडेमवर खंडेनवमीचं कुंकू अजून तसंच,
ते पुसायचं धाडस झालं नाही,
बाजूनं केबल घेतली.
मोडेम आणि स्विचच्या मधे डबा बसवला,
नियम लिहिले :
आधी आवाज.
मग मेल, बिलं, ड्रॉइंगच्या फायली.
कॅमेरे सगळ्यांच्या मागं.
आणि दहातले नऊच वापरायचे.

ऑफिसच्याच फोनवरून मालकांना लावला.
"दहाचे पैसे भरतोय मी, मुजावर,
आणि तू नऊ देणार?"
मालक, एक सोडला तर रांग आपल्या दारात लागते,
कुणाला पुढं सोडायचं ते आपण ठरवतो.
सगळे दहा ओढले तर ती लागते मोडेमच्या पोटात,
तिथं माझं कोण ऐकत नाही.
"आणि माझे कॅमेरे?"
लाइन भरली की थोडे रेंगाळतील.
"थोडे म्हणजे?"
तीन-चार सेकंद.

मालक गप्प झाले.
दोन महिन्यांत त्या फोनवर
पहिल्यांदाच अशी शांतता आली
जी लाइनची नव्हती, माणसाची होती.
तिच्यात त्यांचा पंखा फिरताना ऐकू येत होता,
चमचा बशीत ठेवल्याचंही कळलं.
मग, "बरं. लाव."

राजकोटचा फोन परत आला.
पद्मलताई सवयीनं ओरडायला गेल्या
आणि मधेच थांबल्या.
पलीकडचा माणूस खोकला, पाणी प्यायला,
मागं कुणीतरी शटर ओढलं.
"साठ," तो म्हणाला. एकदाच.
ताईंनी वहीत आकडा लिहिला,
शेजारी अक्षरात लिहिला, खाली रेघ मारली,
आणि कानातलं बोट काढून
त्याच्याकडं जरा वेळ बघत बसल्या.

"मी चहा घेतो आता," ताई उठल्या,
जाता जाता डोक्यामागच्या कॅमेऱ्याकडं वळून
जीभ काढून दाखवली.
मालकांना दिसेपर्यंत
कपात साखर पडली असेल.

निघताना परत मालकांना लावला.
झालं काम, मालक. तेवढं बिलाचं...
"हॅलो? हॅलो, मुजावर?
आवाज तुटतोय रे तुझा."

मी डब्याकडं बघितलं.
चारी दिवे हिरवे.